खारट तीर्थ

गंगम्माच्या घरात एक रीत होती. कामासाठी जी वस्तू घराबाहेर जायची, तिला आधी देवाचं पाणी लागायचं. नवरा होता तेव्हा त्याचा कापड मोजायचा लोखंडी गज दर पाडव्याला तिच्या हातून अंघोळ करूनच दुकानात जायचा. मुलाची, चन्नवीरची, पाटी, कंपासपेटी, बंगळूरला जातानाची ट्रंक, सगळ्यांवर तिनं गळ्यातल्या इष्टलिंगाच्या पूजेचं पाणी शिंपडलं होतं. चन्नवीरच्या पीएच.डी.च्या प्रमाणपत्रावर शिक्क्याशेजारी शाई फुटल्याचा निळा डाग होता, तो त्याच पाण्याचा. बंगळूरच्या प्रोफेसर अनंतय्यांनी एकदा विचारलं, हे काय? चन्नवीर आईला अव्वा म्हणायचा. तो म्हणाला, "आमच्या अव्वाची सही."

डॉ. चन्नवीर बिराजदार सोलापुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. खरं तर तो बंगळूरचाच व्हायचा होता. अनंतय्यांच्या हाताखाली सहा-सात वर्षं प्रथिनांवर क्ष-किरण टाकून त्यांची घडण कशी असते ते शोधायला तो शिकला, आणि शिकता शिकता त्याला एका प्रथिनानं वेड लावलं. तेवढ्यात वडील गेले. गंगम्मा सोलापूर सोडीना. म्हणाली, "सिद्धरामेश्वराचं तळं सोडून मी कुटं येऊ? तितं बंगळुरात मला वळखतंय कोण?" मग तोच परत आला. येताना प्रोफेसर म्हणाले, "तू स्फटिक वाढव, मशीन माझं आहे. ज्या दिवशी चांगला स्फटिक घेऊन येशील, त्या दिवसापासून ही खोली तुझी आणि नोकरीही तुझीच."

स्फटिक हवा होता, कारण त्याशिवाय क्ष-किरणांना काही दिसत नाही. प्रथिनाचे अब्जावधी कण एका रांगेत, एका शिस्तीत बसले, तरच त्यांच्यामधून गेलेला किरण सांगतो की हा कण आतून असा आहे, इथं वळलाय, इथं त्याची मूठ आहे. पण प्रथिनं रांगेत बसायला तयार नसतात. उष्णता वाढली, भांडं हललं, मीठ जास्त झालं की त्यांचा नुसता गाळ होतो. कॉलेजच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत चन्नवीरनं तीन उन्हाळे गाळ काढला. स्टाफरूममध्ये भूगोलाचे कुलकर्णी विचारायचे, "काय बिराजदार, आलं का पीक?" चन्नवीर म्हणायचा, "दुबार पेरणी चालू आहे, सर."

गंगम्मा तशी चौकस बाई. एकदा भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "यप्पा, तू दिवसभर करतोस तरी काय? लोक इच्चारतात, मला सांगता येत न्हाय."

दर सोमवारी दोघं मठात रुद्रप्पा शास्त्रींच्या कीर्तनाला जायची. गंगम्मा पुढं बायकांत बसायची आणि चन्नवीर शास्त्रीबुवांच्या मागं टाळ घेऊन उभा राहायचा. डॉक्टर होऊन आला तरी त्यानं टाळ सोडला नव्हता. कीर्तनाला उभा राहिला की त्याचा चेहरा लहान मुलासारखा मोकळा व्हायचा. त्यानं तिथलंच उदाहरण काढलं.

"अव्वा, कीर्तनात शास्त्रीबुवा काय करतात? निरूपण करता करता नुसती मान हलवतात. ती खूण सगळ्या सभेला कुठं कळते? मागचा टाळकरी ती पकडतो, ध्रुपद उचलतो, आणि मग सभा गाते. तसंच आपल्या शरीरात आहे. प्रत्येक पेशी म्हणजे एक सभा. बाहेरून खूण येते, पण आत ती पकडून ध्रुपद उचलणारा कुणी तरी लागतो. त्यानं उचललं नाही तर हात हलणार नाही, काळीज चालणार नाही. मी त्या टाळकऱ्याचा चेहरा शोधतोय. तो अजून जगात कुणी पाहिलेला नाही."

गंगम्माचा हात परातीत थांबला. "म्हंजे देवाचाच माणूस की तो."

"देवाचाच."

"आन् त्याला काढतोस कशातनं?"

चन्नवीरनं चुलीकडं पाहिलं. तव्यावरची भाकरी फुगत होती. "डाळीतनं," तो म्हणाला. "तुरीच्या."

ते खोटं होतं. ते प्रथिन मेंदूत भरपूर असतं, आणि पुरेसं हवं तर मेंदूही मोठा लागतो, बैलाचा. आठवड्यातून एकदा सकाळी कॉलेजच्या मागच्या फाटकाशी इस्माईलभाई सायकलवर बर्फात गुंडाळलेला ॲल्युमिनियमचा डबा घेऊन उभा असायचा. "साब, तुम खाते तो नै," तो हसत म्हणायचा, "फिर इत्ते भेजे का करते क्या? पोरांच्या डोक्यात भरते क्या?" चन्नवीर डबा घ्यायचा, दार लावून दिवसभर वाटायचा, गाळायचा, आणि घरी जायच्या आधी कॉलेजच्या नळावर साबण लावून अंघोळ करायचा. घरी आल्यावर गंगम्मा त्याचं डोकं हुंगून म्हणायची, "कालेजात काय पानी फुकट हाय व्हय, दोन दोनदा अंघूळ?"

आता ही गंगम्मा कोण? वाटेत नंदी दिसला की त्याच्या शिंगांमधून देव पाहिल्याशिवाय पुढं न जाणारी. कांदा-लसूणसुद्धा श्रावणात घराबाहेर ठेवणारी. गळ्यातलं इष्टलिंग रोज सकाळी तळहातावर घेऊन त्याची पूजा केल्याशिवाय तोंडात पाणी न घालणारी. तिला बैल सांगायचा कसा? आणि डाळ म्हटल्यानं कुणाचं काय बिघडत होतं? चन्नवीरला तेव्हा असंच वाटलं.

चौथ्या वर्षी त्याला जागा बदलायची सुचली. कॉलेजच्या मागं यंत्रमागांची गल्ली होती, तिच्या खटखटीनं खोलीतली टेबलंसुद्धा थरथरायची. फ्रिजला वीज निम्मा वेळ नसायची. त्याच्या दोन खोल्यांच्या घरात मात्र एक जागा अशी होती की जिथं कुणी पाय आपटत नसे, ऊन येत नसे आणि दगडी भिंत हातभर जाड होती. देवघर. भिंतीतल्या देवळीत त्यानं वाळूचं ताट ठेवलं, वाळू ओली केली आणि त्यात बोटाएवढ्या काचेच्या नळ्या उभ्या केल्या. प्रत्येकीत प्रथिन आणि खारं पाणी, कारण गोड्या पाण्यात स्फटिक टिकत नाही.

"हात लावू नकोस," तो आईला म्हणाला.

"देवघरातल्या वस्तूला माझा हात कशाला वंगाळ लागंल?" ती म्हणाली. पण तिनं लावला नाही. पूजेला बसताना पाटसुद्धा अलगद टेकवायची.

चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलमध्ये एका नळीच्या तळाशी काही तरी चमकलं. बाकीच्या नळ्यांत नेहमीसारखा गाळ, किंवा केसासारख्या बारीक सुया. या एका नळीत एकच स्फटिक होता, ज्वारीच्या निम्म्या दाण्याएवढा. सहा बाजूंचा, कडा अशा की सोनारानं पैलू पाडावेत. चन्नवीर भिंग घेऊन देवघरात उकिडवा बसून राहिला. मग त्यानं आईला हाक मारली.

गंगम्मानं भिंगातून पाहिलं, बराच वेळ. "स्फटिक म्हनतोस, तो ह्यो," ती म्हणाली. तिनं हात जोडले. "हाच का रं तो टाळकरी?"

"त्याच्यासारखे कोटी कोटी एका जागी बसलेत, तेव्हा तो असा दिसतो."

"म्हंजे सभाच की." भिंग परत देत ती म्हणाली, "पानी चालतं का ह्याला?"

त्याचा आनंद इतका होता की प्रश्न नीट कानात शिरलाच नाही. "अव्वा, तो पाण्यातच जन्मलाय," तो म्हणाला.

त्यानं पोस्टात जाऊन बंगळूरला ट्रंककॉल लावला. अनंतय्यांनी स्फटिकाचं माप दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "हलवू नकोस. जूनच्या सुरुवातीला मशीन तुझ्यासाठी मोकळं ठेवतो. आणि चन्नवीर, जागा भरायला कमिटी मागं लागलीय. त्यांना मी तुझं नाव सांगतोय, पण हातात स्फटिक असल्याशिवाय मला ते रेटता येणार नाही. अमेरिकेत दोन ठिकाणी याच प्रथिनाच्या मागं लोक आहेत. येच."

मे उजाडला आणि देशभर रेल्वेचा संप झाला. एसटीनं जायचा विचार त्यानं एकदाच केला. विजापूरपासून पुढचा रस्ता डोळ्यांसमोर आला आणि तो विचार त्यानं सोडला, तेवढ्या हादऱ्यांत स्फटिकाचे दोन तुकडे झाले असते. बाहेर डांबर वितळत होतं. तो सुट्टीतले दिवस देवघरात घालवू लागला, वाळूवर ओली फडकी बदलत, थर्मामीटर बघत. गंगम्मा शेजारणीला सांगायची, "लेकरू लई भक्तिमान झालंय. देवापासनं हलत न्हाय." मग त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "त्याच्याशीच लगीन लाव म्हणावं आता."

संप मिटला. गाड्या सुरू झाल्या. चन्नवीरला बंगळूरचं तिकीट मिळालं. नळी मांडीवर धरून न्यायला त्यानं थर्मासच्या आत कापसाची गादी केली. निघायच्या सकाळी तो तालमीच्या विहिरीवर अंघोळीला गेला, कारण घरातल्या नळाला पाणी नव्हतं. परतला तेव्हा गंगम्माची पूजा आटोपली होती. तिनं त्याच्या कपाळावर विभूती ओढली, आणि त्याच्या उजव्या तळहातावर तीर्थ घातलं. तो प्यायला. तीर्थ जरासं खारट होतं. विहिरीला उन्हाळ्यात मचूळ पाणी येतं, तसं असेल, असं त्याला वाटलं. ती स्वतः आधीच प्यायलेली होती, तिचे ओठ ओले होते.

तो थर्मास घेऊन देवळीपाशी गेला. वाळूत सुयांच्या नळ्या जागच्या जागी होत्या. मधली जागा रिकामी होती. ती नळी देवाच्या ताम्हनाशेजारी, स्वच्छ धुऊन, पालथी घातलेली होती.

"अव्वा," तो म्हणाला, "यातलं कुठं आहे?"

गंगम्मा पदर सावरून त्याच्याजवळ आली. इतका उजळलेला तिचा चेहरा त्यानं वडील गेल्यापासून पाहिला नव्हता. "बस," ती म्हणाली. "सांगते. तू आज त्याला परगावी नेनार. घरातनं काय बी भाईर जाताना देवाचं पानी लागाय पायजे की न्हाय? मी म्हनलं तुज्या टाळकऱ्याला बी लागू दे. तळव्यावर लिंग घेतलं, त्याच्या शेजारी ती नळी वतली अलगद, तो दाना लिंगाला टेकला. वर मंत्र म्हनत पानी सोडलं. आन् यप्पा, माझ्या डोळ्यांदेखत तो बारीक बारीक होत गेला. एक कन ऱ्हायला न्हाय. देवानं घेतला त्याला. इतक्या वर्सांत मी देवाला इतकं काय काय दिलं, सगळं तसंच माघारी आलं. हे एकच त्यानं घेतलं."

चन्नवीर खाली बसला. जिभेवर अजून ती खारट चव होती. त्याच्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते स्फटिकाचं नव्हतंच. इष्टलिंगावरून आईच्या तळव्यातून ताम्हनात, ताम्हनातून तिच्या ओठांत काय गेलं, ते त्याला दिसलं. फाटकाशी उभी असलेली सायकल दिसली. बर्फातला डबा. त्यानं तोंड उघडलं होतं. तो ओरडला असता, नळी फोडली असती, चार वर्षांचा हिशेब तिच्या पदरात टाकला असता. पण एकदा बोलायला लागला असता तर मधे कुठं थांबता आलं असतं? तू माझं आयुष्य धुऊन टाकलंस, एवढं म्हणून भागलं नसतं. तिनं विचारलं असतं, असं काय हुतं त्या डाळीत, जे परत काढता येत न्हाय? आणि मग या बाईला उरलेलं आयुष्य आपल्याच तोंडाची शिसारी घेऊन काढावं लागलं असतं.

"तुजं तोंड का उतरलं?" गंगम्मा म्हणाली. "दुसरा करशील की. डाळ काय, घरात पोतंभर हाय."

"करीन," तो म्हणाला.

पोस्टात बूथमध्ये उभं राहून त्यानं प्रोफेसरांना सांगितलं की स्फटिक विरघळला.

"विरघळला म्हणजे? उष्णतेनं?"

"उष्णतेनं, सर."

"तू इतका निष्काळजी कधी नव्हतास," अनंतय्या म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त झोंबलं. जुलैत ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

त्यानं पुन्हा प्रयत्न केला नाही असं नाही. पण तोच एक स्फटिक का आला, ते त्याला कधी कळलंच नव्हतं. नळ्यांत गाळच येत राहिला. त्यात गंगम्मानं आता हे काम आपलंच मानलं होतं. दर आठवड्याला ती तूरडाळ निवडून, पाखडून, खडा न खडा काढून डब्यात भरून द्यायची. "देवाला दिल्यावर परत मागताना चांगलं दिलं पायजे," म्हणायची. चन्नवीर तो डबा कॉलेजात न्यायचा आणि फाटकाशी इस्माईलभाईच्या पिशवीत ओतायचा. एकदा इस्माईलभाईनं पिशवी मागं ओढली. "साब, हमारे भेजे की कीमत तुम देतेच हो. फिर ये दाल काय को?"

"आमच्या अव्वानं निवडलीय. घरी शिजवा."

"अम्माजी को बोलना, बरकत होती," इस्माईलभाई म्हणाला. चन्नवीरनं ते आईला सांगितलं नाही. थोड्या दिवसांनी त्यानं इस्माईलभाईचा डबा घेणंही थांबवलं. मेंदू वाटायला हात उचलेना. डाळ मात्र येत राहिली, आणि तो ती फाटकाशी नेऊन देत राहिला.

श्रावणातल्या एका सोमवारी मठात पाय ठेवायला जागा नव्हती. शास्त्रीबुवांनी पूर्वरंगात दास्यभक्ती सांगितली, आणि उत्तररंगाला उभे राहिले तेव्हा त्यांनी पुराणातली कथा लावली नाही. खांद्यावरचं उपरणं सारखं करून त्यांनी गंगम्माकडं पाहिलं आणि हात जोडले. मग सगळी सभा तिकडं वळली.

"आपण देवापुढं नैवेद्य ठेवतो," शास्त्रीबुवा म्हणाले. "देव बघतो आणि आपण जेवतो. वाटीत ठेवलेलं वाटीतच. देव मोठा धूर्त. म्हणतो, तू जे देतोस त्यात तुझा जीव कुठं आहे? जीव दे, मग घेतो." त्यांनी आवाज खाली आणला. मृदंगवाल्यानं हात थांबवला. "ह्या माउलीनं लेकाची सगळी कमाई, त्याच्या डोळ्यातली बाहुली, देवाच्या अंगावर घातली. आणि आपल्या ह्या लेकानं काय केलं? रागावला? हिशेब मागितला? एक शब्द बोलला नाही. माझ्यामागं टाळ घेऊन उभा आहे. चन्नवीर, सांग बाबा सभेला. काही उरलं का?"

शास्त्रीबुवा मनातून भरून आलेले होते. त्यांच्यात थट्टा नव्हती, मोठेपणा मिरवणं नव्हतं. चन्नवीरला त्यांचा राग आला नाही. समोर आईच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, बायका तिच्या पायांना हात लावत होत्या.

"नाही," चन्नवीर म्हणाला. "काही उरलं नाही."

शास्त्रीबुवांनी मान हलवली. खूण मिळाली, आणि चन्नवीरनं ध्रुपद उचललं. सभा गाऊ लागली.

त्यानंतर तो मिठांचं पृथक्करण शिकवत राहिला. अठ्ठ्याहत्तर साली कॉलेजच्या वाचनालयात, तीन महिने उशिरा पोचलेल्या एका अमेरिकन नियतकालिकात, त्याला तो टाळकरी दिसला. पानभर चित्र होतं. साखळी वळत, वेटोळी घेत गेलेली, आणि तिच्या टोकांना चार पकडी, प्रत्येकीत कॅल्शियमचा एक कण. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा तो साधा होता. हात पसरून उभा असल्यासारखा. कुलकर्णी शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. "काय एवढं बघताय, बिराजदार?"

"ओळखीचा माणूस आहे," चन्नवीर म्हणाला, आणि अंक कपाटात लावला.

पुढच्या वर्षी गंगम्माला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूपासून हातापर्यंत निरोप पोचत नाही. चन्नवीर नुसता हं म्हणाला. आता तिच्या तळहातावर इष्टलिंग तोच ठेवायचा, पाणी तोच सोडायचा, तीर्थ चमच्यानं तोच पाजायचा. तिचं बोलणं अडखळत यायचं, पण कान लावला की कळायचं.

शेवटच्या दिवसांत ती तीर्थ तोंडात घोळवायची आणि मान हलवायची. नाही. एका दुपारी त्यानं विचारलं, "काय झालं, अव्वा?"

"त्या... दिवसाचं," ती म्हणाली. "ती चव. परत न्हाय आली." तिचा डावा हात त्याच्या मनगटावर आला. "देव... रुसला का रं?"

चन्नवीरनं तिच्याकडं पाहिलं. पलीकडच्या खोलीत चूल थंड होती. कोपऱ्यात निवडलेल्या तुरीचा अर्धा डबा अजून होता. शेवटचा, तिच्या हातचा. तो उठला. ताम्हन घेऊन स्वयंपाकघरात गेला, मडक्याच्या बाजूचं मिठाचं भांडं उघडलं, आणि चिमूट तीर्थात सोडली. बोटानं ढवळली. मीठ विरघळताना तो बघत राहिला.

मग परत येऊन त्यानं चमचा तिच्या ओठांना लावला. गंगम्मानं डोळे मिटले, तोंडात घोळवलं, आणि गिळलं.

"व्हय," ती म्हणाली. "हेच."

उरलेलं तीर्थ तिनं त्याच्याकडं सरकवलं. घरात आधी आईनं घ्यायचं, मग लेकानं, ही तिची रीत. चन्नवीरनं उजवा तळहात पुढं केला, ताम्हनातलं पाणी त्यात ओतलं, आणि प्यायला.